विश्लेषण : स्किझोफ्रेनिया स्त्री आणि पुरुषांत वेगळा का दिसतो?

आजार एकच, पण सुरुवातीचे वय, लक्षणे, औषधांचा परिणाम आणि घरदार-नोकरी-लग्नावर होणारा आघात यांत स्त्री-पुरुषांमध्ये मोठा फरक असतो. हा फरक लक्षात न घेतल्याने उपचार उशिरा सुरू होतात.

दरवर्षी २४ मे हा दिवस जागतिक स्किझोफ्रेनिया दिन म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे साधारण ३०० जणांमागे एकाला. मराठीत त्याला ‘छिन्नमनस्कता’ असा शब्द आहे, पण दवाखान्यात आणि घराघरांत ‘स्किझोफ्रेनिया’ हाच शब्द रुळला आहे. या आजाराविषयी बोलताना बहुतेकांच्या डोळ्यासमोर स्वतःशी बोलणारा, दाढी वाढलेला तरुण येतो. घरात गप्प झालेली, सासरच्यांवर संशय घेणारी चाळिशीतील बाई सहसा येत नाही. या समजुतीमुळे अनेक स्त्रियांचे निदान लांबते. दुसरीकडे, ‘आळशी झालाय’, ‘वाया गेलाय’ असा शिक्का बसलेल्या अनेक तरुणांचा आजारही दुर्लक्षित राहतो.

हा आजार नेमका काय आहे?

स्किझोफ्रेनिया म्हणजे ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ नव्हे. एका माणसात दोन माणसे राहतात, ही चित्रपटांनी पसरवलेली समजूत आहे. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला. विचार, भावना आणि वर्तन यांचा परस्परांशी असलेला मेळ तुटतो, असे त्यांना सुचवायचे होते.

लक्षणांचे ढोबळ तीन गट असतात. पहिल्या गटात कानात आवाज येणे यांसारखे भास आणि ‘माझ्यावर पाळत ठेवली जाते’, ‘जेवणात काहीतरी कालवले आहे’ असे पक्के भ्रम येतात. वैद्यकीय भाषेत यांना ‘पॉझिटिव्ह’ लक्षणे म्हणतात. ती चांगली असतात म्हणून नव्हे, तर नेहमीच्या अनुभवात नसलेली गोष्ट भर पडते म्हणून. दुसरा गट ‘निगेटिव्ह’ लक्षणांचा. त्यात बोलणे कमी होते, चेहऱ्यावरचे भाव हरपतात, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होते, कशातच रस राहत नाही. तिसऱ्या गटात लक्ष, स्मरणशक्ती आणि कामाचे नियोजन यांतील अडचणी येतात. पहिल्या गटातील लक्षणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही लक्षात येतात. माणसाचे रोजचे जगणे मात्र बहुतेकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील लक्षणांमुळे कोलमडते.

वयाचा फरक किती?

पुरुषांमध्ये आजाराची सुरुवात साधारण अठरा ते पंचवीस या वयात होते. स्त्रियांमध्ये ती सरासरी तीन-चार वर्षे उशिरा, पंचवीस ते पस्तीसच्या दरम्यान होते. जर्मनीतील मॅनहाइम येथे हाइन्झ हेफ्नर यांच्या चमूने पहिल्यांदा आजारी पडलेल्या रुग्णांचा तपशीलवार अभ्यास केला, तेव्हा हा फरक ठळकपणे समोर आला. स्त्रियांमध्ये पंचेचाळिशीनंतर, म्हणजे पाळी थांबण्याच्या सुमारास, आजार सुरू होण्याचा आणखी एक छोटा टप्पा दिसतो. पुरुषांमध्ये तो तसा दिसत नाही. नव्याने आजारी पडणाऱ्यांमध्ये पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा काहीसे जास्त, साधारण दहा स्त्रियांमागे चौदा पुरुष, असे अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात.

भारतातील चित्र मात्र इतके सरळ नाही. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेतील काही अभ्यासांत सुरुवातीच्या वयात स्त्री-पुरुष फरक आढळला नाही. याची कारणे अनेक असू शकतात. ‘आजार कधी सुरू झाला’ हे घरच्यांच्या आठवणीवर ठरते, आणि रुग्णालयापर्यंत कोणाला आणले जाते हे घरातील त्या व्यक्तीच्या स्थानावर ठरते. त्यामुळे युरोपातील आकडे जसेच्या तसे इथे लावणे धोक्याचे आहे.

तीन-चार वर्षांच्या फरकाने काय बिघडते?

बरेच काही. अठराव्या-विसाव्या वर्षी आजार सुरू झाला तर शिक्षण अर्धवट राहते, पहिली नोकरी लागत नाही, मैत्री आणि व्यवहारज्ञान पक्के होण्याआधीच माणूस समाजापासून तुटतो. अठ्ठाविसाव्या वर्षी सुरू झाला तर तोवर पदवी, थोडा कामाचा अनुभव, माणसांशी वागण्याची सवय अशी पुंजी हाताशी असते. आजारातून सावरताना ती उपयोगी पडते. स्त्रियांचे सामाजिक वावरणे आजारानंतरही तुलनेने बरे राहते, असे अनेक अभ्यासांत दिसते. त्यामागे हे एक मोठे कारण मानले जाते.

पण याच फरकाची दुसरी बाजू आहे. आपल्याकडे पंचविशीपर्यंत बहुतेक मुलींचे लग्न झालेले असते. म्हणजे पुरुषाचा आजार आई-वडिलांच्या घरात सुरू होतो, तर अनेक स्त्रियांचा आजार सासरी, कधी पहिल्या बाळंतपणाच्या आगेमागे सुरू होतो. घर नवे, विश्वासाची माणसे थोडी आणि आपल्या वागण्यातला बदल ओळखणारे आई-वडील दूर गावी, अशा अवस्थेत सुरुवातीची लक्षणे ‘सासरी जमत नाही’, ‘बाहेरची बाधा आहे’ अशा खाती जमा होतात.

लक्षणांमध्ये फरक कसा दिसतो?

पुरुषांमध्ये निगेटिव्ह लक्षणे जास्त असतात. तो खोलीबाहेर येत नाही, बोलत नाही, काही करत नाही. दारू, तंबाखू, गांजा यांच्या आहारी जाण्याचे प्रमाणही पुरुष रुग्णांत अधिक असते. स्त्रियांमध्ये उदासी, रडू येणे, चिंता अशी भावनिक लक्षणे जास्त दिसतात. सोबत भास आणि संशय असतात. त्यामुळे त्यांचे निदान कधी नैराश्य, कधी ‘टेन्शन’, कधी हार्मोनचा त्रास म्हणून होते आणि मूळ आजार झाकला जातो.

हे सरासरीचे चित्र आहे. गप्प, कोमेजलेल्या स्त्री रुग्ण असतात आणि उदासीने ग्रासलेले पुरुष रुग्णही असतात. पण सरासरीचा हा कल माहीत असला तर ‘बाईला नैराश्यच असणार’ आणि ‘पोरगा व्यसनानेच बिघडला’ या दोन घाईच्या निष्कर्षांपासून डॉक्टर आणि घरचे दोघेही सावध राहू शकतात.

इस्ट्रोजेनचा संबंध काय?

स्त्रियांमधील इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूला काही प्रमाणात संरक्षण देते, अशी मांडणी गेल्या साडेतीन दशकांपासून केली जाते. मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कामावर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो, आणि स्किझोफ्रेनियाची बहुतेक औषधे डोपामिनवरच काम करतात. आजाराची सुरुवात उशिरा होणे, पाळीच्या आधीच्या दिवसांत काही स्त्रियांची लक्षणे वाढणे, रजोनिवृत्तीनंतर आजार बळावणे किंवा नव्याने सुरू होणे या निरीक्षणांशी ही मांडणी जुळते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मनोविकारतज्ज्ञ जयश्री कुलकर्णी यांच्या चमूने २००८ मध्ये १०२ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या औषधांसोबत २८ दिवस इस्ट्रोजेनचा पॅच लावलेल्या स्त्रियांची लक्षणे इतर गटापेक्षा अधिक कमी झाली. म्हणून हा नेहमीचा उपचार झाला आहे असे नाही. इस्ट्रोजेन दीर्घकाळ घेण्याचे स्वतःचे धोके आहेत. वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा प्रयोग कुणी करू नये. मात्र एक व्यावहारिक धडा त्यातून मिळतो. चाळिशीपर्यंत व्यवस्थित असलेल्या स्त्रीची तब्येत पंचेचाळिशीनंतर ढासळू लागली तर ‘औषध नीट घेत नसेल’ एवढाच तर्क करून चालत नाही. औषधाचे प्रमाण नव्याने तपासावे लागते.

औषधे दोघांना सारखीच लागू पडतात का?

औषधे तीच असतात, पण शरीर ती वेगळ्या पद्धतीने हाताळते. क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांचा तेवढाच डोस दिला तरी स्त्रियांच्या रक्तात त्यांचे प्रमाण सरासरीने जास्त आढळते. याउलट विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृतात ही औषधे लवकर निकामी होतात. राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार (२०१६-१७) भारतात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १९ टक्के आणि स्त्रियांचे २ टक्के होते. म्हणजे धूम्रपान करणाऱ्या पुरुषाला औषध कमी पडण्याची आणि स्त्रीला ते जास्त होण्याची शक्यता राहते. रुग्णालयात दाखल असताना सिगारेट अचानक बंद झाली, तर त्याच डोसचा परिणाम वाढू शकतो. म्हणून धूम्रपान सुरू केले किंवा सोडले, तरी डॉक्टरांना सांगणे गरजेचे असते.

स्त्रियांसाठी आणखी एक अडचण आहे. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड यांसारख्या औषधांमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते. त्यातून पाळी अनियमित होते किंवा थांबते, बाळंतपण नसताना स्तनांतून दूध येते. नव्या लग्नाच्या मुलीची पाळी चुकली की घरात वेगळीच चर्चा सुरू होते. मग घाबरून ती गोळ्या बंद करते आणि आजार उलटतो. पुरुषांमध्येही याच औषधांमुळे लैंगिक इच्छा आणि क्षमता कमी होऊ शकते. लाजेमुळे तेही ते बोलत नाहीत, परस्पर गोळी सोडतात. वजन वाढणे आणि मधुमेहाचा धोका दोघांनाही असतो. यांतील बहुतेक त्रासांवर औषध बदलणे किंवा डोस कमी करणे हा उपाय उपलब्ध असतो. त्यासाठी डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतःहून विचारायला हवा, आणि रुग्णाला तो एकांतात सांगता यायला हवा.

‘कामकाज’ कसे मोजले जाते?

आजारातून माणूस किती सावरला हे ठरवताना तज्ज्ञ फक्त भास-भ्रम पाहत नाहीत. तो स्वतःची काळजी घेतो का, लोकांत मिसळतो का, काम करतो का, हे पाहतात. परदेशातील अनेक मोजपट्ट्यांत नोकरी आणि लग्न हे सावरल्याचे ठळक निकष आहेत. भारतात हे दोन्ही निकष फसवे ठरतात. इथे बहुतेक लग्ने घरचे ठरवतात, त्यामुळे लग्न झाले याचा अर्थ ती व्यक्ती सावरली असा होत नाही. आणि लाखो स्त्रिया पगारी काम करतच नाहीत, त्यामुळे नोकरी नाही याचा अर्थ त्या सावरल्या नाहीत असाही होत नाही.

भारतात वापरली जाणारी ‘आयडियाज’ ही मोजपट्टी याबाबत अधिक जवळची आहे. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम अशी चार क्षेत्रे त्यात तपासली जातात, आणि कामात नोकरी, शिक्षण यांच्याबरोबर घरकामही धरले जाते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार मानसिक आजारामुळे आलेले ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झाले की सवलतींचा मार्ग खुला होतो.

पण घरकामाच्या मोजणीतही मेख आहे. कमावता पुरुष कामावर जायचा थांबला की महिन्याभरात घराला कळते, कारण पगार थांबतो. स्त्री मात्र भास होत असतानाही सवयीने चार पोळ्या लाटते, पाणी भरते. ‘स्वयंपाक करते ना, मग बरी आहे’ असे घर समजून चालते. तिचे जेवण कमी झाले आहे, रात्रभर ती जागी असते, शेजारणीशी बोलणे तुटले आहे, हे कोणी टिपत नाही. पुरुषाचा आजार उत्पन्नाच्या आकड्यात दिसतो. स्त्रीचा आजार, घरातील काम अडेपर्यंत, दिसतच नाही.

लग्नाचा प्रश्न इतका कळीचा का?

चेन्नईतील ‘स्कार्फ’ ही संस्था १९८४ पासून या आजारावर काम करते. या संस्थेच्या आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एक ठळक फरक होता. पुरुष रुग्णांपैकी अधिक जण अविवाहित राहिले, तर स्त्री रुग्णांपैकी अधिक जणींचे लग्न मोडले. त्याच संस्थेच्या २००३ च्या अभ्यासात, लग्न मोडलेल्या अशा स्त्रियांची कहाणी आहे. बहुतेकींना कायदेशीर घटस्फोट किंवा पोटगी न मिळता माहेरी परतावे लागले होते आणि त्यांचा भार वृद्ध आई-वडिलांवर होता. बंगळूरु येथील २०११ च्या अभ्यासात पुरुषांनी नोकरीच्या अर्जात आजार लपवावा लागणे आणि लोकांची चेष्टा हे दुःख सांगितले, तर स्त्रियांच्या बोलण्यात लग्न, गरोदरपण आणि बाळंतपणाभोवतीचा कलंक होता.

‘लग्न केले की ठीक होईल’ हा सल्ला आजही गावोगाव दिला जातो. मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ काळजी घेणारी बाई आणणे असा असतो. मुलीच्या बाबतीत आजार लपवून जबाबदारी सासरवर ढकलणे असा. लपवल्यामुळे गोळ्या चोरून घ्याव्या लागतात किंवा बंद होतात, आजार उलटतो आणि मग ‘फसवणूक केली’ म्हणून मुलीला परत पाठवले जाते.

कायदा काय सांगतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये घटस्फोटाच्या कारणांत मानसिक आजार आहे आणि कलम १३ च्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचा नावाने उल्लेख आहे. त्यामुळे निदानाचा कागद हाती आला की घटस्फोट पक्का, असा समज आहे. तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता प्रकरणात स्पष्ट केले, की आजाराचे नाव पुरेसे नाही. त्याची तीव्रता अशी असली पाहिजे, की जोडीदाराने सोबत राहावे ही अपेक्षाच रास्त ठरू नये. २०१३ मध्ये कोल्लम चंद्रशेखर प्रकरणातही हीच भूमिका कायम राहिली. त्यातील पत्नी स्वतः डॉक्टर होती आणि नोकरी करत होती. पतीला घटस्फोट नाकारण्यात आला.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक रुग्णालयात दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही, अशी तरतूद त्यात आहे. मानसिक आजारावरील उपचार म्हणून नसबंदी करण्यासही मनाई आहे. केवळ घरच्यांनी नाकारले म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष २००९ पासून चालतो. असे कक्ष देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. बरे झालेल्या रुग्णांना घर किंवा निवारा मिळण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २०१७ मध्येही आला होता. कायदा आणि प्रत्यक्ष व्यवस्था यांत अजून मोठे अंतर आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यात काय स्थिती?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) बारा राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजार आयुष्यात कधी ना कधी झालेल्या प्रौढांचे प्रमाण १.४ टक्के होते, आणि अशा सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना उपचार मिळत नव्हते. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार संस्था आहे. पण बहुतांश रुग्ण रुग्णालयात नसतात. ते घरी असतात.

म्हणूनच ‘कोप्सी’ या प्रयोगाला महत्त्व आहे. गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारांसोबत गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मदत केली, तर लक्षणे आणि रोजच्या जगण्यातील अडचणी माफक प्रमाणात का होईना, पण अधिक कमी झाल्या. घरी येणाऱ्या कार्यकर्तीला स्वयंपाकघरातील शांतता दिसते. दवाखान्यात नवऱ्याने किंवा भावाने सांगितलेली हकिगत ऐकणाऱ्या डॉक्टरांना ती दिसत नाही.

पुण्यातील ‘सा’ आणि ठाण्यातील ‘आयपीएच’ यांसारख्या संस्थांच्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने हा आजार मराठी घरांत चर्चेत आणला. त्यात शुभार्थी भाऊ होता आणि शुभंकर बहीण. प्रत्यक्षातही बहुतेक घरांत काळजी घेणारी आई, बायको किंवा बहीणच असते. प्रश्न असा, की आजारी पडणारी तीच असेल तर शुभंकर कोण? पती आजारी असताना पत्नी अनेकदा टिकते. पत्नी आजारी पडल्यावर मात्र ती माहेरी पोहोचते, आणि आई-वडिलांच्या पश्चात तिचे काय, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

मग काय बदलायला हवे?

उपचार स्त्री-पुरुषांसाठी वेगळे नव्हे, तर जाणीवपूर्वक हवेत. तरुण मुलगा सहा महिने खोलीत बसून असेल, अभ्यास आणि मित्र सुटले असतील, तर रागावण्याआधी तपासणी व्हावी. त्याला औषधाइतकीच कामाच्या सवयीची आणि पुनर्वसनाची गरज असते. स्त्रीच्या बाबतीत पाळी, गर्भधारणेची इच्छा, बाळंतपण आणि रजोनिवृत्ती हे टप्पे उपचारांच्या नोंदीत असायला हवेत. गर्भवती राहिल्यावर गोळ्या परस्पर बंद करणे सर्वांत धोक्याचे ठरते. योग्य औषध आणि डोस डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवता येतो. आणि ‘ती बरी आहे का’ याचे उत्तर स्वयंपाक झाला का यावरून न शोधता ती झोपते का, हसते का, घराबाहेर पडते का यावरून शोधावे लागेल.

उपचार जितके लवकर, तितकी सावरण्याची शक्यता जास्त, हे स्त्री आणि पुरुष दोघांबाबत खरे आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही. काळजीत असलेली आई, नवरा, भाऊ किंवा शेजारीणही तो करू शकते.